पोर्टच्या बाटलीतील खरे-खोटे पारखणारा बॅरन

वाशीम जिल्ह्यातील मानोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावीही गोव्याची सहल करून परतणाऱ्यांच्या सामानात काजूच्या पाकिटांबरोबर 'पोर्ट वाइन' असे छापलेली एखादी बाटली आढळते. काही घरांत ती लगेच उघडली जाते, तर काही घरांत संकोचापोटी कपाटाच्या सर्वांत वरच्या खणात जाऊन बसते. दहा-पंधरा वर्षांनी आवराआवर करताना ती पुन्हा हाती लागते आणि घरात एकच प्रश्न उभा राहतो. वाइन जितकी जुनी तितकी मोलाची, असे म्हणतात. मग हिचे मोल आता किती?

उत्तर बहुधा निराशा करणारे असते. गोव्यातील ही गोड वाइन वर्षानुवर्षे मुरवण्यासाठी केलेली नसते. जिने हे नाव जगाला दिले ती पोर्ट वाइन पोर्तुगालच्या उत्तर भागातील दोरू नदीच्या खोऱ्यात होते. तिच्यातील काही निवडक प्रकार पन्नास वर्षे, क्वचित शंभर वर्षेही टिकतात. मात्र तिचेही मोल केवळ वयावर ठरत नाही. बाटलीत मुळात काय भरले होते, ते कोणी भरले आणि नंतर बाटली कशी सांभाळली गेली, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर ते ठरते. यांतील पहिला प्रश्न एकोणिसाव्या शतकात भर बाजारात विचारण्याचे धाडस ज्याने केले आणि त्यापायी आपल्याच व्यवसायबंधूंचा रोष पत्करला, त्याचे नाव जोसेफ जेम्स फॉरेस्टर. पोर्ट वाइनच्या इतिहासात तो बॅरन फॉरेस्टर म्हणून ओळखला जातो. त्याचे आयुष्य एखाद्या कादंबरीला शोभावे असे होते आणि त्याचा शेवट त्याहूनही अधिक नाट्यमय ठरला.

हलहून पोर्तोला

फॉरेस्टरचा जन्म १८०९ मध्ये इंग्लंडमधील हल या बंदराच्या शहरात झाला. त्याचे घराणे मूळचे स्कॉटिश होते. त्याचे काका पोर्तो शहरात वाइनच्या व्यापारात होते आणि ऑफली या जुन्या पेढीत भागीदार होते. पोर्तोला इंग्रज लोक ओपोर्टो म्हणत; याच शहरावरून वाइनलाही पोर्ट हे नाव पडले. १८३१ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, फॉरेस्टर काकांच्या हाताखाली काम करण्यासाठी तेथे दाखल झाला.

तो काळ पोर्तोतील इंग्रज व्यापाऱ्यांच्या दृष्टीने अनिश्चिततेचा होता. १७०३ च्या मेथुएन तहामुळे इंग्लंडमध्ये पोर्तुगीज वाइनवर फ्रेंच वाइनपेक्षा एक तृतीयांश कमी जकात लागत असे. सव्वाशे वर्षे या सवलतीवर हा व्यापार पोसला गेला होता. फॉरेस्टर पोर्तोत उतरला त्याच वर्षी ब्रिटनने ही सवलत संपुष्टात आणली. पुढच्याच वर्षी पोर्तुगालच्या गादीसाठी दोन भावांच्या पक्षांमध्ये पेटलेल्या यादवीत पोर्तो शहराला वेढा पडला. १८३३ मध्ये माघार घेणाऱ्या सैन्याने नदीपलीकडील व्हिला नोव्हा द गाया येथील वाइनची मोठी कोठारे पेटवून दिली आणि वाइनचे लोट नदीत वाहिले. नवख्या फॉरेस्टरने व्यापाराचे पहिले धडे गिरवले ते अशा परिस्थितीत.

पोर्तोतील इंग्रजांची वसाहत आपल्यातच रमणारी होती. त्यांची स्वतंत्र व्यापारी वास्तू होती, स्वतंत्र भोजनसमारंभ होते आणि एका रस्त्याला तर त्यांच्याच नावाने ओळखले जात असे. पिढ्यान् पिढ्या तेथे राहूनही पोर्तुगीज भाषा नीट न शिकणारे आणि दोरूच्या डोंगराळ खोऱ्याकडे न फिरकणारे त्यांच्यात अनेक होते. फॉरेस्टर मात्र वेगळ्याच घडणीचा निघाला. त्याने पोर्तुगीज भाषा आत्मसात केली, शेतकऱ्यांच्या घरी मुक्काम केले आणि खोऱ्याचा कानाकोपरा पालथा घातला. त्याच्या हातात चित्रकाराची कलाही होती. इंग्रज व्यापाऱ्यांच्या त्या रस्त्यावरील वर्दळीचे १८३४ मधील त्याचे चित्र प्रसिद्ध आहे. पुढे त्याने छायाचित्रणाचाही छंद जोपासला आणि पोर्तुगालमधील आरंभीच्या छायाचित्रकारांत त्याची गणना होऊ लागली.

डोंगरातले मळे, नदीतल्या नावा

दोरूचे द्राक्षमळे पोर्तो शहरापासून बरेच दूर, पूर्वेकडे आहेत. पाटीच्या दगडासारख्या थरांच्या खडकात, तीव्र उतारांवर दगडी बांध घालून तेथील शेतकऱ्यांनी पायऱ्या-पायऱ्यांची शेती उभी केली. उन्हाळा कडक, हिवाळा बोचरा आणि माती नावापुरती. तोडणीनंतर द्राक्षे ग्रॅनाइटच्या दगडी हौदांत पायांनी तुडवली जात. तयार झालेली वाइन पिंपांत भरून नदीमार्गे गायाच्या कोठारांत येत असे.

मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे ज्या बंजारा समाजाचे श्रद्धास्थान, त्या समाजाच्या तांड्यांनी एकेकाळी बैलांच्या पाठीवरून धान्य आणि मीठ दख्खनभर पोचवले. दोरूच्या खोऱ्यात तेच काम सपाट तळाच्या, चौकोनी शिडाच्या आणि लांबलचक सुकाणू असलेल्या नावांनी केले. नदी खडकाळ व उतारांची असल्याने प्रत्येक खेप जिवावरची असे. माल जेथे तयार होतो तेथून तो विकला जातो ती जागा इतकी दूर असली, की मधल्या वाटेवर त्याचे काय होते हे घेणाऱ्याला कळत नाही. पोर्ट वाइनच्या साऱ्या भानगडींचे मूळ या अंतरातच होते.

या भानगडी फॉरेस्टरच्या आधीपासूनच्या होत्या. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात मागणी वाढताच भेसळ वाढली आणि पोर्टचे नाव बद्दू झाले. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकून उत्तर कोकणातील पोर्तुगीज सत्ता मोडून काढली, त्यानंतर सतरा वर्षांनी, १७५६ मध्ये, पोर्तुगालचा सर्वसत्ताधीश मंत्री पोंबाल याने या व्यापाराला शिस्त लावण्यासाठी एक सरकारी कंपनी स्थापन केली. पोर्टसाठी कोणत्या मळ्यांची द्राक्षे चालतील हे ठरवून त्या प्रदेशाच्या सीमेवर ग्रॅनाइटचे खांब रोवण्यात आले. एवढेच नव्हे, तर वाइनला गडद रंग देण्यासाठी ज्याची जांभळट काळी फळे वापरली जात ते एल्डरबेरीचे झाड त्या प्रदेशातून उपटून टाकण्याचे फर्मान निघाले. वाइनचा प्रदेश कायद्याने आखून देण्याच्या जगातील सर्वांत आरंभीच्या प्रयत्नांपैकी हा एक होय.

काळी, कडक आणि गोड

फॉरेस्टर पोर्तोत आला तोपर्यंत ही शिस्त सैलावली होती. १८२० च्या हंगामात द्राक्षे इतकी उत्तम पिकली, की त्या वर्षीची वाइन नैसर्गिकरीत्याच विलक्षण गोड, गडद आणि भरदार झाली. इंग्लंडमधील गिऱ्हाइकांना ती चव फारच भावली. पुढच्या वर्षीही त्यांना तशीच वाइन हवी होती, पण निसर्ग दरवर्षी तसे दान देत नाही. मग निसर्गाने जे दिले नाही ते पिंपात मिसळण्याचा मार्ग अनेकांनी पत्करला. रंगासाठी एल्डरबेरी, गोडीसाठी झेरोपिगा नावाचे पाकासारखे मिश्रण आणि कडकपणासाठी ब्रँडी, असा हा त्रिवेणी संगम होता.

ब्रँडीची गोष्ट जराशी समजावून घेतली पाहिजे, कारण फॉरेस्टरच्या आयुष्याचा सारा वाद तिच्याभोवती फिरतो. द्राक्षाचा रस आंबू लागला, की त्यातील साखरेचे मद्यार्कात रूपांतर होते. ही क्रिया पूर्ण होऊ दिली, तर वाइन कोरडी, म्हणजे गोडी नसलेली, होते. पूर्वी अशा तयार वाइनमध्ये समुद्रप्रवासात ती टिकावी म्हणून थोडी ब्रँडी घालत. पुढे मात्र रस आंबत असतानाच ब्रँडी ओतण्याची पद्धत रुळली. त्यामुळे आंबण्याची क्रिया मध्येच थांबते, उरलेली साखर तशीच राहते आणि वाइन एकाच वेळी गोडही होते व कडकही. आजची पोर्ट याच पद्धतीने तयार होते. साधारण चार भाग रसाला एक भाग द्राक्षांचा स्वच्छ मद्यार्क, असे प्रमाण असते आणि तयार वाइनमध्ये मद्यार्काचे प्रमाण सुमारे २० टक्के भरते.

फॉरेस्टरला हे मुळातच मान्य नव्हते. चांगल्या वर्षी, चांगल्या मळ्यात पिकलेल्या द्राक्षांच्या वाइनला ब्रँडीच्या कुबडीची गरज नाही, असे त्याचे ठाम मत होते. रस पूर्ण आंबू द्यावा, जमिनीचा आणि द्राक्षाचा स्वभाव वाइनमध्ये उतरू द्यावा आणि तिचे जे काही गुणदोष असतील ते गिऱ्हाइकासमोर उघडपणे ठेवावेत, एवढीच त्याची मागणी होती.

निनावी पुस्तिका

१८४४ मध्ये लंडनमध्ये पोर्ट वाइनविषयी एक छोटी इंग्रजी पुस्तिका प्रसिद्ध झाली. लेखकाचे नाव तीवर नव्हते; पोर्तुगालमध्ये अकरा वर्षे राहिलेला एक रहिवासी, एवढीच ओळख दिलेली होती. वाइनमध्ये काय काय मिसळले जाते, कशासाठी मिसळले जाते आणि त्यात कोणाकोणाचा फायदा आहे, याचा पाढाच तीत वाचलेला होता. लेखक कोण हे गुपित फार काळ टिकले नाही. पोर्तोतील इंग्रज व्यापाऱ्यांमध्ये मोठी खळबळ उडाली. आपल्यातल्याच एकाने साऱ्या व्यापाराची अब्रू वेशीवर टांगली, अशी त्यांची भावना होती. प्रत्युत्तरादाखल पत्रके निघाली, आरोप-प्रत्यारोप झाले. ब्रँडीविना वाइन टिकतच नाही आणि गिऱ्हाइकाला हवे ते देणे हाच व्यापार, असा विरोधकांचा युक्तिवाद होता. याउलट, आपल्या चांगल्या मालाला भेसळीच्या मालाच्या पंक्तीला बसावे लागते म्हणून नाडलेल्या दोरूच्या अनेक शेतकऱ्यांना फॉरेस्टर आपला कैवारी वाटला.

त्याचा रोख केवळ व्यापाऱ्यांवर नव्हता. १८३४ मध्ये सरकारी कंपनीचे अधिकार काढून घेण्यात आले होते, पण १८३८ मध्ये वाइनची परीक्षा करण्याचा अधिकार तिला पुन्हा मिळाला. कंपनीचे पारखी प्रत्येक शेतकऱ्याची वाइन चाखत आणि ती ब्रिटनला निर्यात करण्याजोगी आहे की नाही ते ठरवत. त्यांच्या निर्णयावर शेतकऱ्याचे वर्षाचे उत्पन्न अवलंबून असे. फॉरेस्टरचे म्हणणे असे होते, की हे पारखी नाजूक आणि निर्मळ वाइनला डावलतात आणि गडद, जाड वाइनला पसंती देतात. त्यामुळे प्रामाणिक शेतकऱ्यालाही रंग आणि पाक मिसळण्याचा मोह होतो. शिवाय निर्यातीच्या परवान्यांचीच खरेदी-विक्री होत असल्याने हलकी वाइनही चांगल्या वाइनच्या कागदपत्रांवर परदेशी जात होती. पारख करणाराच चुकीच्या गुणाला मोल देऊ लागला, की मालही त्याच दिशेने बिघडत जातो, हे त्याचे निरीक्षण होते. हीच भूमिका त्याने १८५२ मध्ये वाइनवरील आयात जकातीची चौकशी करणाऱ्या ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे साक्ष देतानाही मांडली.

नदीचा नकाशा

फॉरेस्टर केवळ वाद घालून थांबणारा नव्हता. दोरू नदीचा खडा न् खडा त्याने नोंदवला आणि १८४८ मध्ये पोर्तुगालच्या हद्दीतील संपूर्ण नदीचा तपशीलवार नकाशा प्रसिद्ध केला. काठावरचे मळे, गावे, उतार आणि धोक्याच्या जागा त्यात दाखवलेल्या होत्या. द्राक्षमळ्यांच्या प्रदेशाचा स्वतंत्र नकाशाही त्याने तयार केला. नावाड्यांना आणि व्यापाऱ्यांना तर त्याचा उपयोग होताच, पण वाइन कोणत्या उतारावर पिकली हे सांगता येणे म्हणजे तिच्या खरेपणाचा अर्धा पुरावा, हेही त्यामागे होते. १८५० च्या दशकात ओइडियम या बुरशीने दोरूच्या मळ्यांवर घाला घातला, तेव्हा त्याने रोगट वेलींचा अभ्यास करून त्यांची चित्रे काढली आणि त्याविषयी लिहिले. पोर्तुगालच्या एकूण परिस्थितीवरील त्याच्या निबंधाला इंग्लंडमध्ये पारितोषिक मिळाले आणि १८५३ मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला.

या साऱ्या कामाची दखल पोर्तुगालच्या राजसत्तेने घेतली. १८५५ मध्ये त्याला बॅरन हा किताब देण्यात आला. एका परदेशी व्यापाऱ्याला असा सन्मान मिळणे ही असामान्य गोष्ट होती. ज्या इंग्रज मंडळींनी त्याच्यावर रोष धरला होता, त्यांना आता त्याला बॅरन म्हणून संबोधावे लागत होते.

१२ मे १८६१

दोरूच्या वरच्या अंगाला कशांव द वालेइरा नावाची अरुंद घळ आहे. दोन्ही बाजूंना उंच कडे आणि मध्ये खळाळत धावणारे पाणी. पूर्वी येथे प्रचंड शिळांमुळे नदी अडलेली होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्या फोडून मार्ग मोकळा करण्यात आला, पण पाण्याचा जोर कायम राहिला. १२ मे १८६१ रोजी फॉरेस्टर या घळीतून नावेने निघाला होता. सोबत दोना अंतोनिया फेरेइरा होती. पोर्ट वाइनच्या व्यवसायातील ही कर्तबगार स्त्री. तरुणपणी वैधव्य आल्यानंतर तिने घराण्याचा कारभार स्वतःच्या हाती घेतला आणि दोरूच्या खोऱ्यात मळ्यामागून मळा उभा केला. तिच्या वेझुव्हियो या मळ्यावर दुपारचे जेवण आटोपून मंडळी परतत होती.

घळीत नाव उलटली. दोना अंतोनिया आणि तिच्याबरोबरच्या स्त्रिया त्या काळच्या प्रथेप्रमाणे कड्यांच्या आधाराने फुगवलेले घेरदार झगे ल्यालेल्या होत्या. त्या झग्यांत हवा कोंडली गेल्याने त्या पाण्यावर तरंगत राहिल्या आणि वाचल्या. फॉरेस्टर मात्र बुडाला. शेतकऱ्यांचे पैसे चुकते करण्यासाठी त्याने कमरेला नाण्यांनी भरलेला पट्टा बांधला होता आणि त्या वजनानेच तो तळाशी ओढला गेला, अशी आख्यायिका खोऱ्यात आजही सांगतात. त्याचा मृतदेह कधीच सापडला नाही. ज्याने त्या नदीचे खडक कागदावर उतरवले, त्यालाच नदीने गिळले. तेव्हा तो ५१ वर्षांचा होता. १९७० च्या दशकात वालेइरा येथे धरण झाले आणि घळीतले पाणी शांत झाले.

दोना अंतोनिया त्यानंतर ३५ वर्षे जगली. ओइडियमपाठोपाठ मुळे पोखरणाऱ्या फायलोक्सेरा किडीने दोरूचे मळे उद्ध्वस्त केले, तेव्हा खचलेल्या शेतकऱ्यांना आधार देणारी आणि नव्याने लागवड करणारी म्हणून तिचे नाव घेतले जाते. १८९६ मध्ये तिचे निधन झाले.

जुनी बाटली कशी पारखतात?

फॉरेस्टरने जो प्रश्न पिंपासमोर उभे राहून विचारला, तोच प्रश्न आज लिलावगृहातील तज्ज्ञ जुनी बाटली हाती घेऊन विचारतात. फरक इतकाच, की त्यांना ती उघडता येत नाही. बाहेरून दिसणाऱ्या खुणांवरून आतल्या मालाचा अंदाज बांधायचा असतो.

पहिली तपासणी प्रकाराची. व्हिंटेज पोर्ट ही एकाच उत्तम वर्षाची वाइन. ती पिंपात दोन-तीन वर्षेच राहते आणि नंतरचे सारे आयुष्य बाटलीत काढते. बाटलीतच ती मुरते. असे वर्ष दरसाल जाहीर होत नाही. दशकात साधारण तीनदा तसा योग येतो. १९२७, १९४५ आणि १९६३ ही अशी नावाजलेली वर्षे. टॉनी हा प्रकार मात्र लाकडी पिंपात वर्षानुवर्षे मुरतो आणि पिण्यास तयार झाल्यावरच बाटलीत भरला जातो. त्यामुळे '२० वर्षे' असे लिहिलेली टॉनी घरात आणखी २० वर्षे ठेवली, तर ती ४० वर्षांची होत नाही. तिच्या बाबतीत बाटलीत भरल्याचे वर्ष पाहायचे असते. तिसरी रूबी ही लवकर संपवण्याची साधी पोर्ट. जुनी म्हणून जपलेल्या अनेक बाटल्या नेमक्या याच प्रकारच्या निघतात.

दुसरी तपासणी ओळखीची. लेबल, मानेवरील हमीची पट्टी आणि बुचावर उमटवलेले पेढीचे नाव व वर्ष एकमेकांशी जुळते का, हे पाहतात. १९७० च्या हंगामापर्यंत बरीच व्हिंटेज पोर्ट पिंपांतून ब्रिटनला जाऊन तेथील व्यापाऱ्यांकडून बाटलीबंद होत असे. १९७५ च्या हंगामापासून मात्र ती पोर्तुगालमध्येच बाटलीबंद करणे बंधनकारक आहे. म्हणून त्याआधीच्या एखाद्या बाटलीवर लेबल नसणे हा दोष नव्हे. अशा वेळी बुचावरील छापच खरी साक्ष देतो. काही जुन्या बाटल्यांवर पांढऱ्या रंगाचा फटकारा आढळतो. बाटली आडवी ठेवताना कोणती बाजू वर ठेवायची, याची ती खूण असते. जमलेला गाळ हलू नये, यासाठी ही काळजी.

तिसरी तपासणी पातळीची. बाटली उभी करून वाइन कोठवर आहे ते पाहतात. मानेपर्यंत असेल तर उत्तम. पन्नाशी उलटलेल्या बाटलीत ती मानेच्या तळाशी आलेली असली तरी चालते. खांद्याच्या मध्याखाली गेली असेल, तर बुचातून हवा शिरली असण्याची शंका बळावते. बुचाभोवती चिकट ओघळ, फुगून वर आलेले किंवा आत दबलेले बूच, हीदेखील वाईट लक्षणे. मग बाटली प्रकाशासमोर धरून रंग पाहतात. व्हिंटेज पोर्ट तरुणपणी काळपट जांभळी असते; वय वाढेल तशी ती विटेच्या रंगाकडे आणि नंतर पिंगट छटेकडे झुकते. वयाच्या मानाने रंग फारच उतरला असेल किंवा गाळ खाली बसूनही वाइन गढूळच दिसत असेल, तर ती बिघडली असण्याची शक्यता असते.

चौथी तपासणी इतिहासाची, आणि किंमत अनेकदा तीच ठरवते. बाटली कोठून घेतली, कोणाकडे होती, थंड व अंधाऱ्या तळघरात आडवी ठेवली होती की नाही, पावती आहे का, हे विचारले जाते. वऱ्हाडातल्या लोखंडी कपाटात वैशाखाची झळ खात वर्षानुवर्षे उभी राहिलेली बाटली या कसोटीवर टिकत नाही. उभ्या बाटलीचे बूच सुकते आणि ४२-४४ अंशांच्या उन्हाळ्यात आतली वाइन शिजल्यासारखी होते. लेबल कितीही देखणे असले, तरी जाणकार अशा बाटलीला मोठी बोली लावत नाहीत.

इतके करूनही खात्री मिळते ती बूच निघाल्यावरच. जुनी व्हिंटेज पोर्ट उघडण्यापूर्वी एक-दोन दिवस उभी ठेवून गाळ खाली बसू देतात आणि मग वाइन हळूहळू दुसऱ्या भांड्यात निवळून घेतात. बूच भुसभुशीत झाले असेल, तर तापवलेल्या चिमट्याने मान गरम करून वर गार पाण्याचा बोळा फिरवतात आणि मान बुचासकट स्वच्छ तोडतात.

कोण जिंकले?

भेसळीच्या प्रश्नावर काळाने फॉरेस्टरच्या बाजूने कौल दिला. एल्डरबेरी आणि पाक मिसळणे आज निषिद्ध आहे. १९३३ मध्ये पोर्ट वाइनसाठी स्वतंत्र सरकारी संस्था स्थापन झाली आणि तिच्या परीक्षकांनी चाखून मान्य केल्याखेरीज कोणतीही वाइन हमीची पट्टी लावून बाहेर पडत नाही. मळा, वर्ष आणि पेढी यांची नोंद हाच आता तिच्या किमतीचा पाया आहे.

ब्रँडीच्या प्रश्नावर मात्र तो पूर्णपणे हरला. त्याच्या विरोधकांची पद्धतच पोर्टची अधिकृत पद्धत बनली. त्यातही गंमत अशी, की आज लिलावात ज्या जुन्या बाटल्यांची पारख होते त्या इतकी वर्षे तग धरून राहण्याचे एक मोठे कारण, गोडीच्या जोडीला, तीच ब्रँडी आहे. फॉरेस्टरला हवी होती तशी ब्रँडीविरहित, कोरडी तांबडी वाइनही गेल्या काही दशकांत दोरूच्या खोऱ्यात मोठ्या प्रमाणावर होऊ लागली आहे आणि जगभर तिला मान मिळतो आहे. तिच्यावर पोर्ट हे नाव नसते, एवढेच.

त्याच्या पेढीचे ऑफली हे नाव वाइनच्या बाटल्यांवर आजही छापले जाते आणि त्याचा किताबही त्याच पेढीच्या काही वाइनवर मिरवतो. त्या घळीच्या आसपासचे शेतकरी काठावरून जाणाऱ्या पाहुण्यांना नाव उलटल्याची जागा दाखवतात. मानोऱ्याच्या कपाटातील बाटलीला ही परंपरा लाभलेली नाही. तिचे मोल विचारणाऱ्याने लिलावाचा विचार न केलेलाच बरा. पण लेबल उलटून पाहावे, आत काय आहे, कोणी भरले आणि केव्हा भरले हे वाचावे, आणि मगच ठरवावे. एवढे करण्याचा हक्क गिऱ्हाइकाला आहे, हेच फॉरेस्टर आयुष्यभर सांगत राहिला.